डोळे मिटून ओळखा, न दाखवता सांगा: घन, चिती, सूची, शंकू आणि गोल

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. इतिहासाचं किंवा भाषेचं पुस्तक वाचताना फारसं अडत नाही. भूमितीत मात्र पानापानावर ‘सोबतची आकृती पाहा’ असतं, आणि ऐकणारा ती पाहू शकत नाही. मग आकृतीचं सगळं काम शब्दांवर येऊन पडतं. अशा वेळी ‘डब्यासारखा आकार’ म्हणून भागत नाही. डबा चौकोनी असतो, उभट गोलसर असतो, वर निमुळता होत गेलेला असतो, षट्कोनीही असतो. ऐकणाऱ्याने त्यातला कुठला धरायचा?

म्हणून मी एकच कसोटी ठेवली आहे. माझं वर्णन ऐकून समोरच्याने, मूळ वस्तू न बघता, मातीतून किंवा कागदातून तीच वस्तू घडवली, तर वर्णन बरोबर. वेगळीच घडली, तर माझ्या वाक्यात काहीतरी सांगायचं राहिलं. ही कसोटी डोळस मुलांनाही तितकीच लागू आहे. माझ्या मते त्यांना ती जास्तच गरजेची आहे, कारण डोळस माणूस वस्तूकडे एक नजर टाकतो, नाव ठोकून देतो आणि मोजायच्या भानगडीत पडत नाही.

सामान फार लागत नाही. एक फासा, एक काडेपेटी, टोक न केलेली सहा पैलूंची पेन्सिल, पत्र्याचा गोलसर डबा, चेंडू, वर रुंद होत जाणारा कागदी पेला, थोडा पुठ्ठा आणि मातीचा गोळा. वस्तू कापडी पिशवीत टाका, हात आत घाला आणि न बघता सुरुवात करा.

तीन शब्द, तीन स्पर्श

तळहात ज्यावर टेकतो ते पृष्ठ. तळहात पूर्ण टेकला, कुठेही फट राहिली नाही, तर ते सपाट पृष्ठ. तळहाताला वाकावं लागलं तर वक्रपृष्ठ. दोन पृष्ठं जिथे एकमेकांना भेटतात ती कड. तिच्यावरून बोट सरळ फिरवता येतं. आणि कडा जिथे एकत्र येऊन टोक तयार होतं तो शिरोबिंदू. तो बोटाच्या पेराला टोचतो. तळहात, बोट, पेर: लहान मुलांना एवढं सांगितलं की व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

घनाकृतीचं वर्णन करताना ‘बाजू’ आणि ‘कोपरा’ हे शब्द मी टाळते. एक मूल पृष्ठाला बाजू म्हणतं, दुसरं कडेला, आणि मग फाशाला बाजू सहा की बारा यावर वाद होतो. वादात दोघंही बरोबर असतात, म्हणून तो मिटत नाही.

आधी ढकलून बघा

नाव शोधण्याआधी वस्तू टेबलावर ठेवून हलकेच ढकला. एवढ्यावर अर्धं काम होतं.

घसरली, पण गडगडली नाही: बहुधा तिची सगळीच पृष्ठं सपाट आहेत. अशा आकाराला बहुपृष्ठक म्हणतात. फासा, काडेपेटी, पुठ्ठ्याची खोकी ही सगळी यातलीच. सहा पैलूंची पेन्सिल थोडी फसवते. ती पुढे जाते खरी, पण एकेका कडेवरून ठोके देत जाते. कान लावला तर ते ठोके ऐकू येतात. ठोके ऐकू आले की पृष्ठं सपाट समजा.

कशीही ठेवली, कुठूनही ढकलली, तरी गडगडली: गोल.

आडवी ठेवल्यावर सरळ रेषेत गडगडली, उभी ठेवल्यावर गप्प उभी राहिली: वृत्तचिती. बरेच जण तिला दंडगोल म्हणतात, तेही चालतं. वृत्तचिती दोन प्रकारे उभी राहते, सुलटी आणि उलटी.

आडवी ठेवल्यावर गडगडली, पण सरळ न जाता वळून परत जवळ आली: शंकू. शंकू आपल्याच टोकाभोवती फिरतो, आणि त्याने आखलेल्या वर्तुळाची त्रिज्या शंकूच्या तिरकस उंचीइतकी असते, म्हणजे टोकापासून पायाच्या कडेपर्यंत पृष्ठावरून मोजलेल्या अंतराइतकी. इथे एक सापळा आहे. कागदी पेलाही वळतो, पण त्याला टोक नसतं. तो शंकूचा वरचा भाग आडवा कापून टाकल्यावर उरलेला तुकडा आहे. त्याला शंकूछेद म्हणतात. पेला ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू पेल्याच्या बाहेर असतो; पेल्याच्या भिंती अरुंद तोंडाकडे तशाच वाढवत नेल्या तर जिथे मिळतील तिथे. पेला जितका कमी निमुळता, तितकं ते वर्तुळ मोठं. एखादा डबा वृत्तचिती आहे की किंचित निमुळता, हे हाताला कळत नसेल तर लांब जमिनीवर सोडा. निमुळता असेल तर वळेलच.

चिती की सूची

आता बहुपृष्ठकं. यात दोन मोठी कुळं आहेत आणि त्यांच्यातला फरक हाताला लगेच कळतो. वस्तू एका मुठीत धरून मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मूठ शेवटपर्यंत तेवढीच राहिली तर चिती. मूठ आवळत आवळत शेवटी एका बिंदूवर मिटली तर सूची.

चितीला दोन पाये असतात: एकमेकांना समांतर आणि तंतोतंत सारखे. ते दोन पाये जोडणारी पृष्ठं आयत असतात. पत्त्यांचा जोड सरळ रचला तर सरळ चिती होते, तोच जोड एकीकडे ढकलून तिरका केला तर तिरपी चिती. मग काही आयतांचे समांतरभुज चौकोन होतात, पण पृष्ठं, कडा, शिरोबिंदू यांची संख्या बदलत नाही. सूचीला पाया एकच असतो आणि त्यावरची सगळी पृष्ठं त्रिकोणी असतात, वर एका शिरोबिंदूत मिळणारी. दोन्ही कुळांत नाव पायावरून पडतं: त्रिकोणी चिती, षट्कोनी चिती, चौकोनी सूची, पंचकोनी सूची.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘पाया’ म्हटलं की मुलं टेबलाला टेकलेलं पृष्ठ धरतात. तंबूच्या आकाराची त्रिकोणी चिती टेबलावर ठेवली की तिचं आयताकृती पृष्ठ खाली येतं, वर एक कड येते, आणि उत्तर येतं ‘चौकोनी सूची’. पण वर बोट ठेवून बघा: टोचत नाही, सरकतं. वर बिंदू नाही, कड आहे. चितीचे पाये शोधायचे तर समोरासमोरची जुळी पृष्ठं शोधा, मग ती उभी असोत, आडवी असोत की हवेत असोत. खाली काय टेकलंय हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि तो वर्णनात शेवटी सांगायचा असतो.

हा घोटाळा नुसती पृष्ठं मोजूनही सुटत नाही, कारण दोघांनाही पाचच पृष्ठं असतात. त्रिकोणी चितीला ३ आयत आणि २ त्रिकोण. ९ कडा, ६ शिरोबिंदू. चौकोनी सूचीला १ चौकोन आणि ४ त्रिकोण. ८ कडा, ५ शिरोबिंदू. म्हणून ‘पाच पृष्ठं आहेत’ हे वाक्य अर्धवट आहे. पृष्ठं किती, आणि कोणत्या आकाराची किती, हे दोन्ही एका दमात सांगा.

घन आणि इष्टिकाचिती (विटेसारखी, सगळी पृष्ठं आयत असलेली) ही चितीच्या कुळातली सगळ्यात ओळखीची मंडळी. दोघांनाही ६ पृष्ठं, १२ कडा, ८ शिरोबिंदू. इथे संख्या काहीच ठरवत नाहीत, लांबी ठरवते. सगळ्या कडा सारख्या आणि सगळी पृष्ठं चौरस असतील तर घन. प्रत्येक घन ही इष्टिकाचितीच असते, उलट मात्र खरं नाही. आणखी एक नमुना: चौकोनी सूचीचं टोक आडवं कापून टाका. उरलेल्या तुकड्यालाही ६ पृष्ठं, १२ कडा, ८ शिरोबिंदू! पण वरचा चौकोन लहान, खालचा मोठा, आणि मधली चार पृष्ठं समलंब चौकोन. मूठ सरकवून बघितलीत तर हा फसवणार नाही, नुसतं मोजलंत तर हमखास फसवेल.

मोजायचं कसं

मुलं वस्तू हातात गोल गोल फिरवत मोजतात आणि सुरुवात कुठून केली ते विसरतात. फिरवू नका. वस्तू एका जागी ठेवा आणि थरांनी मोजा: खालचा थर, वरचा थर, मधले. फाशाच्या कडा: खाली ४, वर ४, उभ्या ४. शिरोबिंदू: खाली ४, वर ४.

या थरांतूनच चितीचा नियम निघतो, पाठ करायची गरज नाही. पायाला ५ कोन असतील तर खाली ५ कडा, वर ५, उभ्या ५, म्हणजे तिप्पट. शिरोबिंदू दुप्पट. पृष्ठं म्हणजे ५ उभी आणि २ पाये. सूचीत वरचा थर आकसून एकच बिंदू होतो, त्यामुळे कडा दुप्पट, आणि पृष्ठं व शिरोबिंदू दोन्ही पायाच्या कोनांपेक्षा एकाने जास्त. त्रिकोणी सूचीला ४ पृष्ठं, ६ कडा, ४ शिरोबिंदू. सपाट पृष्ठांची कुठलीही घनाकृती यापेक्षा कमी पृष्ठांत बंद होऊच शकत नाही.

मोजणी झाली की पडताळा घ्या. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७५० च्या नोव्हेंबरमध्ये ख्रिश्चन गोल्डबाख याला लिहिलेल्या पत्रात एक संबंध कळवला होता: पृष्ठं अधिक शिरोबिंदू बरोबर कडा अधिक २. षट्कोनी पेन्सिलीला ८ पृष्ठं, १२ शिरोबिंदू, १८ कडा: ८ + १२ = २०, १८ + २ = २०. जमलं. नाही जमलं तर काहीतरी सुटलंय, परत मोजा. पण जमलं म्हणजे मोजणी बरोबरच असंही नाही. फाशाचं एक पृष्ठ आणि एक कड दोन्ही सुटली तर ५ + ८ = १३ आणि ११ + २ = १३. सूत्र खूश, उत्तर चुकीचं. शिवाय मध्ये आरपार भोक असलेल्या आकारांना हे सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही.

म्हणून माझा भरवसा दुसऱ्या पडताळ्यावर जास्त आहे. प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांची मिळून असते. तेव्हा सगळ्या पृष्ठांच्या भुजांची बेरीज करून निम्मी करा, कडा मिळतात. घन: ६ चौरस, प्रत्येकी ४, एकूण २४, निम्मे १२. ही युक्ती मोठ्या आकाराला फारच उपयोगी पडते. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा जुन्या पद्धतीचा फुटबॉल घ्या. त्याला १२ पंचकोन आणि २० षट्कोन असतात. हवा भरल्यावर तुकडे फुगतात, पण ते सपाट आहेत असं धरा. त्या शिवणी बोटाने मोजायला गेलात तर वेड लागेल. हिशोब करा: १२ × ५ = ६० आणि २० × ६ = १२०, मिळून १८०; निम्मे ९०. एवढ्या कडा. प्रत्येक शिरोबिंदूत तीन तुकडे भेटतात, म्हणून १८० ला ३ ने भागा: ६० शिरोबिंदू. आता ऑयलर: ३२ + ६० = ९२, आणि ९० + २ = ९२.

वक्र आकारांची मोजणी

वृत्तचिती: २ सपाट वर्तुळाकार पृष्ठं, १ वक्रपृष्ठ, २ वर्तुळाकार कडा, शिरोबिंदू नाही. शंकू: १ सपाट पृष्ठ, १ वक्रपृष्ठ, १ वर्तुळाकार कड, १ शिरोबिंदू. गोल: १ वक्रपृष्ठ, कड नाही, शिरोबिंदू नाही. अर्धगोल: १ सपाट, १ वक्र, १ वर्तुळाकार कड.

कड सरळच असली पाहिजे, असं काही जण मानतात आणि मग वृत्तचितीला कड शून्य धरतात. वादात न पडता ‘वर्तुळाकार कड’ असं पूर्ण लिहा, कुणाचाच गैरसमज होत नाही. आणि ऑयलरचं सूत्र इथे लावू नका. शंकूला ते योगायोगाने जमतं, वृत्तचितीला आणि गोलाला जमत नाही. ते बहुपृष्ठकांसाठी आहे.

गोल म्हणजे केंद्रापासून पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर. चेंडू गोल, कागदावर कंपासने काढलेलं ते वर्तुळ. चेंडूचा व्यास घ्यायचा तर तो दोन जाड पुस्तकांमध्ये उभा धरा, पुस्तकं समांतर ठेवा आणि मधलं अंतर मोजा. मग चेंडू फिरवून पुन्हा मोजा. अंतर बदललं तर तो नेमका गोल नाही. (सगळीकडे सारखं आलं तरी गोलच असेल असं गणिताच्या दृष्टीने सिद्ध होत नाही, सर्व दिशांना सारखी रुंदी असलेले, पण गोल नसलेले आकार खरोखर आहेत. शाळेच्या चेंडूबाबत एवढा संशय घ्यायची गरज नाही.) पृथ्वीला आपण गोल म्हणतो, तिची विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची सुमारे ६३५७. फरक २१ किलोमीटरचा. वर्णन कशासाठी चाललंय त्यावर तो सांगायचा की नाही ते ठरतं.

चित्रावर विश्वास किती ठेवायचा

पुस्तकातली घनाची आकृती उठावाच्या रेषांनी काढून एखाद्या अंध मुलाच्या बोटाखाली दिली तर त्याला घन कळत नाही. कसा कळेल? एका शिरोबिंदूच्या समोरून बघून काढलेल्या घनाची बाहेरची रेषा षट्कोन असते, आत एका बिंदूतून तीन रेघा निघतात. चौरस एकही नाही; जे आहेत ते तिरके चौकोन. १२ पैकी ९ कडा दिसतात, ८ पैकी ७ शिरोबिंदू, ६ पैकी ३ पृष्ठं. डोळस मूल हे चित्र ‘वाचायला’ शिकलेलं असतं, म्हणून त्याला घन दिसतो. पण मोजायला सांगितलं की तेही दिसतात तेवढ्याच कडा मोजतं. चित्रात तुटक रेषा असतील तर त्या मागच्या, लपलेल्या कडा. तुटक रेषा नसतील तर मोजण्यासाठी चित्र वापरूच नका, वस्तू हातात घ्या.

चित्राऐवजी मी तीन दृश्यं सांगते: वरून, समोरून, बाजूने. शंकू वरून वर्तुळ, समोरून त्रिकोण. वृत्तचिती वरून वर्तुळ, समोरून आयत. उंची आणि व्यास सारखे असतील तर चौरस. गोल मात्र कुठूनही वर्तुळच. एकाच दृश्यावरून नाव ठरवू नका: वरून नुसतं वर्तुळ दिसलं तर तो गोल, शंकू, वृत्तचिती, अर्धगोल यांपैकी काहीही असू शकतो. जाता जाता एक कोडं. वरून वर्तुळ, समोरून चौरस आणि बाजूने त्रिकोण दिसेल असा आकार आहे का? आहे. उंची आणि व्यास सारखे असलेली मातीची वृत्तचिती घ्या, वरच्या वर्तुळाचा एक व्यास पक्का धरा आणि त्या व्यासापासून खालच्या कडेपर्यंत दोन्हीकडून तिरकं तासा. वर पाचरीसारखी धार उरते आणि तिन्ही दृश्यं जुळतात.

उकला आणि कापा

आकार खरोखर समजलाय की नाही हे तो उकलताना कळतं. पुठ्ठ्याचं खोकं कडांवरून कापून सपाट पसरा. जी आकृती मिळते ती त्याची घडण. घनाची घडण म्हणजे कडेला कड लावून जोडलेले सहा चौरस. फिरवलेले आणि उलटवलेले प्रकार एकच धरले तर असे सहा चौरस जोडायचे ३५ प्रकार होतात, आणि त्यांपैकी फक्त ११ प्रकारांचा घडी घातल्यावर घन होतो. ते ११ शोधणं ही एका दुपारची उत्तम करमणूक आहे. घडीशिवाय तपासायचं तर एवढं बघा: एका ओळीतल्या तीन चौरसांत पहिला आणि तिसरा घडी घातल्यावर समोरासमोर येतात. फाशावर समोरासमोरच्या पृष्ठांवरच्या ठिपक्यांची बेरीज ७ असते, त्यामुळे घडणीवर ठिपके मांडून बघणं हा त्याचाच पुढचा खेळ.

वृत्तचितीची घडण म्हणजे दोन वर्तुळं आणि एक आयत. आयताची एक भुजा डब्याच्या उंचीइतकी, दुसरी परिघाइतकी. व्यास ७ सेंटिमीटर असेल तर ती जवळजवळ २२ सेंटिमीटर येते. ती पट्टी इतकी लांब असते यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. शंकूचं वक्रपृष्ठ उघडलं की वर्तुळाची पाकळी मिळते. कागदाचं नेमकं अर्धवर्तुळ गुंडाळून शंकू केला तर त्याची तिरकस उंची पायाच्या व्यासाइतकीच येते, पट्टीने तपासून बघा. गोलाला मात्र घडण नाही. तो न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउसने १८२७ मध्ये वक्रपृष्ठांबद्दल जे मांडलं त्यातून हे पक्कं झालं. जगाच्या प्रत्येक सपाट नकाशात काही ना काही वाकडं होतं ते यामुळेच.

कापण्यासाठी मातीचे आकार आणि ताणलेला दोरा पुरतो. चिती पायाला समांतर कुठेही कापा, काप सारखाच. सूची किंवा शंकू वर वर कापत जा, काप लहान लहान होत जातो. तसं बघितलं तर मुठीची युक्ती हीच आहे. वृत्तचिती तिरकी कापली तर लंबवर्तुळ. आणि घन असा कापता येतो की काप नियमित षट्कोन येतो: सहा कडांचे मध्यबिंदू गाठून. हे सांगून पटत नाही, दोऱ्याने करूनच बघा.

निमुळता आकार किती लहान असतो याचा अंदाज लोक हमखास चुकवतात. त्याच पायाची, तेवढ्याच उंचीची चिती आणि सूची घेतली तर सूचीचं घनफळ चितीच्या निम्मं नसतं, एकतृतीयांश असतं. आर्यभटाने त्रिकोणी सूचीसाठी निम्म्याचा नियम दिला होता, इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एकतृतीयांशाचा बरोबर नियम दिला. शंकू आणि वृत्तचितीतही तेच नातं. आणि आर्किमिडीजने दाखवून दिलेलं नातं तर फार देखणं आहे: वृत्तचितीत चपखल बसणाऱ्या गोलाचं घनफळ तिच्या दोनतृतीयांश. म्हणजे तेवढाच व्यास आणि तेवढीच उंची असलेले शंकू, गोल, वृत्तचिती यांचं प्रमाण १ : २ : ३. कोरड्या वाळूने भरून हे पडताळता येतं.

वर्णन कोणत्या क्रमाने

आधी कूळ आणि नाव. मग पाया किंवा पाये. मग संख्या, आकारांसह. मग मापं. आणि शेवटी वस्तू कशी ठेवली आहे. ठेवण आधी सांगितली की ऐकणारा तिलाच आकार समजतो. तंबूची गोष्ट वर आलीच आहे.

‘लांबट खोकं आहे, काडेपेटी असते तसं’ याऐवजी: ‘ही इष्टिकाचिती आहे. ६ आयताकृती पृष्ठं, समोरासमोरची दोन दोन सारखी. लांबी ५, रुंदी साडेतीन, उंची दीड सेंटिमीटर. सर्वांत मोठ्या पृष्ठावर आडवी, लांब कड तुमच्याकडे.’

तंबूसाठी: ‘त्रिकोणी चिती. दोन्ही पाये समभुज त्रिकोण, भुजा ४ सेंटिमीटर. पायांमधलं अंतर १० सेंटिमीटर. एका आयताकृती पृष्ठावर आडवी ठेवली आहे, त्यामुळे वर एक आडवी कड आली आहे आणि एक त्रिकोण तुमच्यासमोर आहे.’

मापं माहीत नसतील तर तुलना द्या, पण वस्तूच्या आतलीच: ‘उंची पायाच्या व्यासाच्या दुप्पट.’ ‘छोटा’, ‘उंच’, ‘जाडसर’ हे शब्द मी ध्वनिमुद्रणातून काढूनच टाकते.

जोडलेले आकार आले की आधी सुटे करा आणि जोड कुठे आहे ते सांगा. दोन चौकोनी सूची पायाला पाया लावून चिकटवल्या, तर पृष्ठं ५ आणि ५ मिळून १० होत नाहीत. दोन्ही पाये आत लपले, म्हणून ८. कडा ८ + ८ = १६, पण पायाच्या चार कडा एकमेकींवर बसल्या, म्हणून १२. शिरोबिंदू १० मधून ४ गेले, ६. सर्व कडा सारख्या असतील तर हाच नियमित अष्टफलक. मूठ सरकवली तर आधी उघडते, मग मिटते. म्हणजे ही चितीही नाही आणि सूचीही नाही.

आता पेन्सिलीला टोक करा आणि तीच वस्तू पुन्हा हातात घ्या. मी तिचं वर्णन असं नोंदवलं आहे: ‘षट्कोनी चिती, एका टोकाला शंकू. मागचं पृष्ठ नियमित षट्कोन. सहा लांब सपाट पृष्ठं, त्यांच्यामध्ये सहा समांतर कडा. पुढे एक वक्रपृष्ठ, निमुळतं होत शिसाच्या टोकापर्यंत गेलेलं. चिती आणि शंकू यांची सांध सरळ नाही. ती सहा कमानींची आहे. प्रत्येक सपाट पृष्ठाच्या मध्यावर कमान टोकाकडे पुढे येते आणि दोन कमानी जिथे मिळतात, म्हणजे चितीच्या कडेवर, तिथे ती मागे जाते. प्रत्येक कमान अपास्त नावाच्या वक्राचा तुकडा आहे. नखाने सांधेवरून एक फेरी मारा, सहा चढ आणि सहा उतार लागतील.’